घरटी एक बिल्ला

२ सप्टेंबर, सोमवार

दोनशे चौदा! आणि मी दोनशे तेरा सांगितल्या.

अकरा पाहुण्यांसमोर, तेही खणखणीत आवाजात — "या दगडी जिन्याला दोनशे तेरा पायऱ्या आहेत." ओसाकाहून आलेल्या एक आजी वर पोचल्यावर धापा टाकत म्हणाल्या, माझ्या मोजणीत एक जास्त आली बाई. सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते.

फेरी संपल्यावर पुन्हा खाली गेले आणि मोजत वर आले. आजींचं बरोबर. सगळ्यात खालची पायरी रस्त्याच्या डांबरात अर्धी बुडाली आहे, ती मी धरलीच नव्हती. मला हे काम शिकवणारे कुझुहारा गुरुजी वरच्या बाकावर पंखा हलवत माझी चढउतार बघत होते. ऊन नुसतं भाजत होतं. मी टेकल्यावर म्हणाले, "पायऱ्या मोजू नयेत. गुडघे मोजावेत. अकरा माणसं म्हणजे बावीस गुडघे. त्यातले किती दुखतात ते बघायचं, तिथे थांबायचं, आणि गोष्ट तिथे सांगायची."

हे कुठल्याच पुस्तकात नाही. लिहून ठेवते.

आणखी एक — गुरुजी म्हणायचं नाही. "जन्मभर चटया शिवल्या मी. आजोबा म्हण."

३ सप्टेंबर

ओसाकाच्या आजींना माफीचं पत्र टाकलं. आजोबांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

५ सप्टेंबर, गुरुवार

मिनेदेरा गावात जन्मले, वाढले, तरी गाव मला आत्ता कळायला लागलंय. लहानपणापासून मंदिराची मागची बाजू तेवढी ठाऊक — आई तिथल्या यात्रेकरूंच्या निवासात स्वयंपाकघरात आहे, शाळा सुटली की मी मागच्या दाराने आत. तिळाचा वास, वाफ, ओले ओटे. समोरच्या दाराने आत जायला मला विद्यापीठात जाऊन यावं लागलं!

आजोबांना मात्र सगळी मंदिरं ठाऊक. सव्वीस वर्षं लोकांना पायी गाव दाखवतायत. त्याआधी त्यांचं तातामी चटयांचं दुकान होतं, सगळ्या देवळांतल्या चटया त्यांनीच बदलल्या. म्हणतात, "इतरांनी देवळं डोळ्यांनी पाहिली, मी गुडघ्यांनी." या वर्षी ते थांबणार. एक्याऐंशीचे झाले. त्यांच्या जागी मी — अर्थात निवाबाईंनी परीक्षेत पास केलं तर. निवाबाई मार्गदर्शक मंडळाच्या प्रमुख. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं त्यांनी, अजून माणसाकडे बघताना नखं कापलीत का ते बघतात.

संध्याकाळी आई भात वाढता वाढता म्हणाली, "मुख्य मंदिरातल्या कान्नोन देवीला हात किती गं?" मी वहीत मान घालून होते. दोन, म्हटलं, वर शतक सांगितलं, लाकूड सांगितलं, कोरणाऱ्यांचं घराणं सांगितलं. आई "हो का" म्हणाली. मग म्हणाली, "तुला सगळं माहीत असतं." आणि उठून भांड्यांकडे गेली.

बाबा देवदार तोडतात, आई ताटं भरते. दोघं नववीनंतर कामाला लागले. घरात आलेलं सरकारी पत्र मीच वाचून दाखवते, दहा वर्षांची असल्यापासून. पण मला आई काही विचारते तेव्हा मी असं पत्र वाचल्यासारखं का बोलते?

आईने बावीस वर्षं त्या देव्हाऱ्याच्या भिंतीपलीकडे भांडी घासली आहेत.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज पहिल्यांदा आजोबांचं मुख्य मंदिरातलं बोलणं पूर्ण ऐकलं. शब्दन् शब्द उतरवलाय.

देव्हाऱ्याची दारं बंदच असतात. तेहतीस वर्षांनी एकदा सात दिवस उघडतात — आता येत्या ऑक्टोबरात उघडणार. फोटो नाही, चित्र नाही, कुणी काढूही नये असा मंदिराचा दंडक. म्हणजे लोक येतात आणि काळ्या लाकडाची बंद दारं बघून जातात. आजोबा त्यांना दारांसमोर बसवतात, स्वतः जरा बाजूला बसतात, आणि हळू आवाजात सांगतात.

"ती बसली आहे. उजवा गुडघा थोडा उचललेला, आत्ता उठेन म्हणतेय अशी. लाकूड काळं पडलंय, पण पायाच्या अंगठ्यावर अजून सोन्याचा एवढासा कण आहे. ती तुमच्याकडे बघत नाही. तुमच्या मागे जो उभा आहे ना, ज्याला पुढे यायला लाज वाटते, त्याच्याकडे बघते. आणि हसते. एकाच बाजूने. पोर खोटं बोलतंय हे आईला कळतं आणि ती जाऊ दे म्हणते — तसं."

एक धिप्पाड माणूस, सबंध वाटभर फोनवर कामाचं बोलत होता, तो रडायला लागला. बायकोने त्याला रुमाल दिला. आजोबा लगेच उठले आणि सगळ्यांना चहाला घेऊन गेले. कुणी रडलं की चहा, असा त्यांचा नेम आहे.

मला हे असं कधी जमेल का? माझ्याकडे फक्त सनावळ्या आहेत.

११ सप्टेंबर

आजोबांना विचारलं, मागच्या वेळी तुम्ही पाहिली तेव्हा कुठे उभे होता? म्हणाले, पाण्याची बाटली घेतलीस का, आज ऊन फार आहे.

१७ सप्टेंबर, मंगळवार

हे मी बघायला नको होतं. पण मी चोरून पाहिलं नाही, निवाबाईंनीच काम दिलं होतं! त्या म्हणाल्या, मागच्या वेळची कामांची यादी कपाटात आहे, तिच्यावरून नवी कर, तुझं अक्षर चांगलं आहे.

यादी मिळाली. हाताने लिहिलेली, कडा पिवळ्या झालेल्या. अंगणातल्या खांबाजवळ — कुझुहारा, सातही दिवस, सकाळपासून दारं मिटेपर्यंत. देव्हारा उघडतात तेव्हा देवीच्या हाताला दोरी बांधतात, ती आतून बाहेर आणून अंगणातल्या उंच खांबाला जोडतात. खांबाला हात लावला की देवीचा हात धरल्यासारखं. हजारो लोक. ती रांग आजोबांनी सांभाळली.

दुसऱ्या पानावर बिल्ल्यांची यादी. कामकऱ्यांना रांगेत उभं राहायला वेळ कुठला, म्हणून त्यांना दर्शनासाठी लाकडी बिल्ला मिळतो. घरटी एक. एका घरातून एकच माणूस आत.

कुझुहारा घर — यासुजिरो, म्हणजे आजोबा. त्यावर काट. काटेच्या वर दुसऱ्या शाईने — फुसाए.

फुसाए म्हणजे आजोबांची बायको. सहा वर्षांपूर्वी गेली.

म्हणजे आजोबांनी देवी पाहिलेलीच नाही.

१८ सप्टेंबर

मंडळाच्या नियमांचा कागद भिंतीवर आहे, दुसरी ओळ — न पाहिलेले पाहिले म्हणून सांगू नये. ती ओळ मीच गेल्या महिन्यात नव्याने लिहून लावली.

तो धिप्पाड माणूस रडला ते कशावर?

२० सप्टेंबर, शुक्रवार

विचारलं. विचारल्याशिवाय मला चालता येईना — वाटेत दोनदा चुकीच्या गल्लीत वळले, आणि पाहुणे बिचारे मागोमाग.

फेरीनंतर आम्ही जुन्या देवदाराखालच्या बाकावर बसलो होतो. आजोबांनी तांदळाची मोची आणली होती, एक मला दिली. मी ती हातात धरून यादीचं सगळं सांगून टाकलं. सांगताना वाटत होतं, जणू काट मीच मारली होती. ते रागावले नाहीत. मोची खाऊन झाली, बोटं पुसली, मग बोलले.

त्या साली आतली चटई त्यांनीच घातली. बंद दारांपासून दोन हातांवर गुडघे टेकून तीन दिवस काम. दारं उघडली तेव्हा ते बाहेर खांबापाशी. बिल्ला त्यांच्या नावाचा होता. पण फुसाए तेव्हा दुकानात चटयांच्या कडा शिवायची, तिची बोटं सुयांनी भोकाभोकांची झाली होती, आणि तिने कधी काही मागितलं नव्हतं. "मी म्हटलं, जा. मला खांब आहे की. सात दिवस देवीचा हात धरूनच उभा होतो."

फुसाए आत गेली. बाहेर आली ती इथेच, याच बाकावर बसली, आणि सांगत राहिली. आजोबांनी दोघांसाठी गरम सोबा शेवया आणल्या होत्या. तासभर सांगितलं तिने. सोबा गार होऊन गोळा झाल्या तरी दोघांनी हात लावला नाही.

"ती बोलणारी बाई नव्हती, पोरी. सबंध संसारात एवढं सलग ती तेव्हाच बोलली."

मी म्हटलं, पण तुम्ही लोकांना सांगता की...

"मी पाहिली असं कधी म्हणालो? तुझी वही बघ."

२१ सप्टेंबर

वही पाहिली. दोनदा. ती बसली आहे. ती बघते. ती हसते. "मी पाहिली" — एकदाही नाही. सव्वीस वर्षांत मंदिरात एकाने तरी विचारलं असेलच, तेव्हाही पाण्याची बाटलीच निघाली असणार.

हे खरं की खोटं ते मला ठरवता येत नाही. पण आज राग नाही. आज दिवसभर त्या गार झालेल्या सोबांचाच विचार. आणि एक गोष्ट ठरवली — या वेळी आजोबा आत जाणार. पुढचं उघडेल तेव्हा मी सत्तावन्नची असेन. ते नसतील. इतकं साधं गणित आहे.

१ ऑक्टोबर, मंगळवार

निवाबाईंनी नवी यादी तपासली आणि खांबापुढे कुझुहारा असं लिहिलं. सातही दिवस! म्हणाल्या, रांग त्यांच्यासारखी कुणाला हलवता येत नाही, माणसं ढकलाढकली करायची ती त्यांच्यासमोर एकमेकांना वाट देतात.

आणि बिल्ले वाटायची यादी. कुझुहारा घर — एक. माझ्या नावापुढे रेघ. मी विचारलं नाही, तोंडावर दिसलं असेल. त्यांनीच समजावलं : शिकाऊ माणूस शिकवणाऱ्याच्या घरातला धरायचा, मंडळाची पद्धत पहिल्यापासून. गुरू-शिष्य मिळून घर एक, बिल्ला एक.

ओसाकाच्या आजींचं उत्तर आलंय! लिहितात, चूक कबूल करायला पत्र पाठवणारी पोरगी पाहिली, आता देवी नाही दिसली तरी चालेल. पत्र देव्हाऱ्यापाशी — म्हणजे आमच्या घरच्या — ठेवलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

मी निवाबाईंशी भांडले. मी!

आधी घरी सगळं कागदावर लिहिलं, मुद्दे काढले, आणि त्यांच्या टेबलापाशी पोचल्यावर कागद खिशातून निघेचना. मग तसंच बोलले. की मागच्या वेळी त्यांनी सातही दिवस खांब धरला. की त्यांचं नाव काटलेलं आहे. की यंदा पुन्हा तेच व्हायला नको. खांब मी सांभाळते, एका दिवसापुरता, शेवटच्या तासापुरता तरी.

त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. "मोठ्यांची यादी बदलायची, हे विद्यापीठात शिकवलं वाटतं?"

मी म्हटलं, नाही, हे घरी शिकवलं. आईच्या वाटणीचं कुणी खाल्लं की बाबा बोलायचे.

कुठून आलं तोंडातून देव जाणे. निवाबाईंनी पेन उचललं. शेवटचा दिवस, चार ते पाच — खांब : ओरिए, म्हणजे मी! मग यादीकडे बघत म्हणाल्या, फुसाएचं नाव मीच लिहिलं होतं तेव्हा. मला वाटलं होतं, पुढच्या वेळी ते जातील.

बाहेर आल्यावर नळाखाली मनगटं धरली.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आजोबांनी बिल्ला माझ्या चपलेत ठेवला. फेरी संपवून चपला घालायला गेले तर पायाला टोचला. तळहाताएवढा, देवदाराचा, वर मंदिराचा शिक्का. मी तो त्यांच्या टोपीत ठेवला. दुपारी तो माझ्या डब्यात, भाताच्या गोळ्यांशेजारी!

म्हणाले, "तुला तेहतीस वर्षं सांगायचंय. मला किती, दोन महिने. पाहायचं कुणी?"

मी म्हटलं, आजोबा, तुम्ही आत गेला नाहीत तर मी पट्टी बांधणार नाही. परीक्षाच देणार नाही. (दंडावरची निळी पट्टी. ती मिळावी म्हणून मी आठ महिने झोप गमावली आहे. पण खरंच म्हणाले.)

झाडावरून सुकी पानं गळत होती. मग त्यांनी बिल्ला घेतला, खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं. आणि एकदम भलतंच विचारलं — "तुझ्या आईने पाहिलीय का गं ती?"

म्हटलं, मागच्या वेळी आई शाळेत होती, डोंगरापलीकडच्या गावात. आणि यंदा त्याच आठवड्यात निवासात जागा नाही इतके यात्रेकरू, तिला मान वर करायला वेळ मिळणार नाही. शिवाय बिल्ला कुठला?

"हं," म्हणाले. "तिच्या हातचा तिळाचा तोफू फार मऊ असतो."

१५ ऑक्टोबर

परीक्षा झाली. पास! निवाबाईंनी पट्टी स्वतः बांधली, गाठ इतकी घट्ट की दंड दुखतोय. चूक एकच काढली — उतारावर मी फार भरभर चालते. बाबा ती पट्टी उलटसुलट करून बघत होते. म्हणाले, आमच्यात दंडाला पट्टी फक्त जखमेची असायची. हसले, आणि तोंड फिरवलं.

२० ऑक्टोबर, रविवार

देव्हारा उघडला. पहाटे सहाला घंटा. रांग खालच्या पुलापर्यंत. आजोबा खांबापाशी, जुना निळा अंगरखा घालून. खरंच, ढकलाढकली नाही! ते कुणालाही मागे सरका म्हणत नाहीत, फक्त प्रत्येकाला विचारतात कुठून आलात. माणूस गावाचं नाव सांगतो आणि आपोआप नीट उभा राहतो.

मी दिवसभर पायऱ्यांवर. गुडघे मोजले.

२३ ऑक्टोबर, बुधवार

आईचे हात सुजलेत. रोज दोनशे ताटं. मी मलम लावायला बसले तर म्हणाली, राहू दे, तू दमलीस. मी लावलंच. ती कधी झोपली कळलं नाही, हात माझ्या हातात होता.

२६ ऑक्टोबर, शनिवार

झालं! आजोबा गेले आत!

चारला पाच मिनिटं कमी असताना मी खांबापाशी गेले. त्यांनी मला दोरी दाखवली — ढिली पडू द्यायची नाही, ताणायचीही नाही. मग बटण काढून बिल्ला बाहेर काढला, मला दाखवला, आणि बाजूच्या पडवीने निघाले. मी बघत होते कोपऱ्यावर वळेपर्यंत. पाठ किती वाकली आहे त्यांची! वळताना थांबून त्यांनी हात वर केला.

मग मला मान वळवायला उसंत नव्हती. कुठून आलात, कुठून आलात. एक बाई बेटावरून, दोन बोटी बदलून. एक कुटुंब तान्ह्या बाळासह, बाळाची मूठ खांबाला टेकवली. दोरीवर माझा हात होता. पातळ पांढरी दोरी, पण तिच्यात काहीतरी बारीक थरथरत असतं सारखं, आतल्या गर्दीचं असेल. मला वाटलं, आत्ता ते समोर उभे असतील. आत्ता अंगठ्यावरचा सोन्याचा कण शोधत असतील. मला एवढं भरून आलं की एका माणसाने मलाच विचारलं, तुम्ही कुठून आलात?

इथूनच, म्हटलं.

ते पावणेपाचला परत आले. मी विचारलं, पाहणं झालं? म्हणाले, "झालं. अगदी नीट झालं." चेहरा इतका शांत, मी आणखी काही विचारलं नाही. विचारायचंच कशाला? हौदावर हात धुऊन आले असावेत, बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. आणि अंगाला तिळाचा वास.

पाचला दारं मिटली. घंटेचा आवाज डोंगरावरून परत आला. निवाबाई रुमालाने चष्मा पुसत होत्या, कितीतरी वेळ.

मी आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम पुरं केलं असं वाटतंय, ज्यात मागे जाऊन मोजायला काही उरलं नाही. सगळ्यांची ऋणी आहे. काट मारणाऱ्या शाईचीसुद्धा.

आई अजून आली नाही. तिकडे आवराआवर असेल. डोळे मिटतायत.

२७ ऑक्टोबर, रविवार

सकाळी न्याहारीला आईने एप्रनच्या खिशातून काढून बिल्ला माझ्या वाटीशेजारी ठेवला. कोपरा कापलेला. आत गेलेल्यांचा कापतात तसा.

आजोबा काल चारला स्वयंपाकघरात आले, बाह्या सरसावल्या आणि तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं. ती नाही म्हणाली. बिल्ला कुझुहारांच्या घरचा, मी कशी जाऊ? ते घासता घासता म्हणाले, "तुमची पोरगी माझ्या घरातली धरलीय मंडळाने. मग तिची आई परकी कशी? माझ्याजवळ फुसाएने पाहिलेली देवी आहे. ओरिएकडे कुणाची आहे?"

मी वही आणायला उठले, तशीच परत बसले.

"हसते का गं आई ती?"

आईने हातातली वाटी खाली ठेवली. सुजलेले हात मांडीवर. "नाही," म्हणाली. "मला नाही दिसलं हसताना. ऐकत होती." मग म्हणाली, "मला नीट सांगता यायचं नाही, तू शिकलेली..." आणि सांगू लागली.

तासभर. मी मध्ये एकदाही बोलले नाही. सार गार झालं.